अपडाऊन, हॉस्टेल की मामाचं घर?

वाईहून एका आईने विचारलं आहे. मुलगी बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. साताऱ्याच्या एका खासगी कॉलेजात मिळेल असं वाटतं, तिथे रोज एसटीने जाऊन-येऊन जमेल, घरचं जेवण मिळेल, नजरेसमोर राहील. पुण्यातही एक-दोन ठिकाणी लागू शकतं, पण हॉस्टेलचा खर्च आणि वातावरणाची भीती. मामा पुण्यातच धायरीला राहतो, तो म्हणतो आमच्याकडे ठेवा. मिस्टरांचं म्हणणं, पुण्याशिवाय एक्स्पोजर नाही. शेवटी एका ओळीत हेही विचारलंय की गादी इथून न्यावी की तिकडे घ्यावी.

मी पुण्यात मुलींच्या हॉस्टेलवर एकवीस वर्षं रेक्टर होते. त्याच्या कितीतरी आधी रहिमतपूरहून साताऱ्याला तीन वर्षं अपडाऊन करून बीएस्सी केलं. दोन्ही अनुभव अंगावर आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. साताऱ्याचं कॉलेज घ्या, पण अपडाऊन करायला लावू नका. तिला साताऱ्यातच ठेवा, शनिवारी घरी येऊ दे. मामाकडे ठेवू नका. आणि हे सगळं पक्कं करण्याआधी तिला विचारा. तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, मिस्टरांचं आहे, मामाचंही आहे. जिला चार वर्षं काढायची तिचं एक वाक्य नाही.

आता कारणं.

वाई ते सातारा पस्तीस किलोमीटर. नकाशावर काहीच नाही. पण एसटी पाचवडला थांबणार, स्टँडवर पोचायला तास-सव्वातास जाणार, तिथून कॉलेज गावाबाहेर, म्हणजे पुन्हा कॉलेजची बस किंवा वडापची जीप. घराच्या उंबऱ्यापासून वर्गाच्या बाकापर्यंत दीड तास धरा आणि तेवढाच परतीचा. रोजचे तीन तास, वर्षाचे दोनशे दिवस कॉलेज, म्हणजे ६०० तास. चार वर्षांचे २,४०० तास. लोक म्हणतात बसमध्ये अभ्यास होतो. माझा तीन वर्षांत झाला नाही. बसमध्ये झोप होते, गप्पा होतात, आणि सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद होतो. मैत्रिणी मात्र फार चांगल्या मिळतात, ते कबूल करते. माझ्या त्या बसमधल्या दोघींशी अजून फोन चालू आहे.

तास गेले एवढंच असतं तरी चाललं असतं. खरं नुकसान दिवसाच्या शेवटी होतं. इंजिनिअरिंगचं अर्धं कॉलेज पाचनंतर भरतं. प्रॅक्टिकल संपलं की कुणी वर्कशॉपमध्ये रोबोटचं चाक बसवत असतं, कुणी सीनियरला धरून एम-वनची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणित विषयाची, उदाहरणं सोडवून घेत असतं, कुणी लायब्ररीत, कुणी नुसतंच कट्ट्यावर. इंटर्नशिप कुठे मिळते, कुठल्या सरांकडे प्रोजेक्ट घ्यावा, कुठली भाषा आधी शिकावी, ही माहिती नोटीस बोर्डावर लागत नाही. ती कट्ट्यावर मिळते. अपडाऊनची मुलगी तेव्हा सव्वापाचच्या गाडीसाठी धावत असते. शेवटच्या तासाला तिचं लक्ष घड्याळाकडे. तिसऱ्या वर्षी सगळ्यांचे ग्रुप ठरलेले असतात आणि हिला जो ग्रुप उरला तो मिळतो. मुलगी हुशार असते, मार्कही बरे असतात, पण कॉलेज तिला ओळखत नसतं.

आणि घरी पोचल्यावर काय? इथे मी थोडं कडू बोलणार आहे. सात वाजता दारात आलेल्या मुलाला आपण म्हणतो, दमला असशील, हातपाय धू, चहा टाकते. मुलीलाही तसंच म्हणतो, फक्त चहा झाल्यावर म्हणतो, जरा भाजी चिरून दे. पाहुणे आले, पोहे कर. आजीला दवाखान्यात न्यायचंय, तुझा पहिला तास बुडला तर चालेल का. चुलत बहिणीची हळद, एक दिवस कॉलेज नाही गेलीस तर काय होतंय. यातली एकही गोष्ट वाईट नाही आणि कुणी तिचा छळही करत नाही. पण घरात असलेली मुलगी सगळ्यांना 'मोकळी' दिसते. माझ्याकडे एक मुलगी दुसऱ्या वर्षी हॉस्टेलला आली, पहिल्या वर्षी घरून करत होती, तीन विषय राहिले होते. आठवड्याने मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, मॅडम, इथे मला कुणी हाक मारत नाही. तिला ते फार सुखाचं वाटत होतं.

याचा अर्थ घरून शिकणं वाईटच, असं मात्र नाही. भुईंजच्या एका घराची गोष्ट सांगते. वडील एसटीत मेकॅनिक. मुलीला गच्चीवरची खोली दिली, आतून कडी. घरात ठरवलं की सोमवार ते शुक्रवार ती हॉस्टेलवर आहे असं समजायचं. जेवायला खाली यायची, ताट स्वतः घासायची, बाकी काही नाही. पाहुणे आले की आई सांगायची, ती कॉलेजला आहे. खोटंच, पण कामाचं खोटं. ती मुलगी घरी राहून माझ्या कितीतरी हॉस्टेलवाल्यांपेक्षा नीट शिकली. तुमच्या घरात हे जमणार असेल, आजी आणि आत्यांसकट सगळ्यांकडून जमणार असेल, तर माझं पुढचं अर्धं उत्तर सोडून द्या. प्रवासाचे तीन तास मात्र तरीही जाणारच.

पुण्याचं काय? मिस्टरांना विचारा, कुठलं पुणं? सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, मिळत असतं तर तुम्ही पत्रच लिहिलं नसतं, आणि मीही भांडी विकून पाठवा म्हटलं असतं. पण ९१ला कॉम्प्युटर मिळतं ती पुण्याची कॉलेजं बहुतेक शहराबाहेर डोंगराच्या कुशीत आहेत. पत्त्यावर पुणे, आजूबाजूला माळ. तिथल्या हॉस्टेलला राहिली तर शहर तिला महिन्यातून दोनदा दिसेल, लक्ष्मी रोडला कपडे घ्यायला आली तेव्हा. आणि शहरात खोली घेऊन रोज तिकडे गेली तर पीएमपीच्या दोन बस बदलून, सिग्नल मोजत, पुन्हा तेच तीन तास. म्हणजे पैसे देऊन अपडाऊन. पुण्याच्या आत राहून अपडाऊन करणाऱ्या मुली मी शेकड्याने पाहिल्या, आणि त्यांना घरचं जेवणही नसायचं.

'एक्स्पोजर' या शब्दाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहिल्या वर्षाला एक्स्पोजर म्हणजे एम-वन, फिजिक्स आणि जर्नल पूर्ण करणं. पुण्याची खरी गरज तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात लागते, इंटर्नशिपला. तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची असेल, दोन महिन्यांसाठी कॉट बेसिसवर जागा घेईल आणि तुम्हाला न विचारता घेईल.

कटऑफ पाहताना एक गोष्ट बघा, अनेक पालक इथेच फसतात. यादीत प्रत्येक आकड्याच्या वर एक कोड असतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाच्या हद्दीतले, एस म्हणजे राज्य पातळी. मुलगी बारावी सातारा जिल्ह्यातून झाली, म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ. साताऱ्याच्या कॉलेजात ती 'एच'मध्ये, पुण्यातल्या बहुतेक कॉलेजांत 'ओ'मध्ये. शेजारच्या काकांनी सांगितलेला पुण्याचा कटऑफ बऱ्याचदा पुण्याच्या मुलांचा असतो. तिच्या ओळीतला बघा, मग ठरवा पुणे मिळतं की नाही ते.

पैशाचं बोलू. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. प्रवेश मात्र कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा; मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. तुम्ही यात बसत असाल तर फी हा प्रश्नच जवळजवळ उरत नाही. पण त्यामुळे हिशेब उलटा झालाय. पूर्वी फी जास्त आणि राहणं-खाणं किरकोळ वाटायचं. आता सगळा खर्च राहण्या-खाण्याचाच आहे, म्हणजे शिक्षण कुठल्या गावात घ्यायचं याचीच किंमत तुम्ही मोजता. पुण्यात तिघींच्या खोलीतली कॉट, मेस, प्रवास, रिचार्ज, रविवार संध्याकाळचं बाहेरचं खाणं (मेस तेव्हा बंद असते, हे पुण्याबाहेरच्या पालकांना कधीच ठाऊक नसतं) असं धरून महिना बारा-पंधरा हजार माझ्या कानावर येतात, वर डिपॉझिट. साताऱ्यात ते बरंच खाली येतं. काही प्रवर्गांना राहण्या-जेवण्यासाठीही सरकारी मदत आहे: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. चारही योजनांच्या अटी वेगळ्या आहेत. पैसे वेळेवर येतील असं समजून मात्र डिपॉझिट भरू नका. माझ्याकडच्या मुलींचे पैसे यायचे तेव्हा वर्ष संपत आलेलं असायचं.

आता मामा. मामा चांगलाच असणार, मामी त्याहून चांगली असेल. तरी नको. नातेवाइकांच्या घरी ठेवलेली मुलगी ना पाहुणी असते ना घरची. पाहुणी असती तर दोन दिवसांत निघाली असती, घरची असती तर फ्रिज उघडून हवं ते खाल्लं असतं. दार किती वाजता उघडं राहतं हे ती विचारू शकत नाही. मैत्रिणीला घरी आणू शकत नाही. घरातल्या धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं आपोआप तिच्याकडे येतं. गीझर किती वेळ लावला याचा हिशेब कुणी विचारत नाही, पण तीच मनात ठेवते. आणि तुमच्याकडे सगळे अहवाल मामीमार्फत येतात. मी रेक्टर असताना दर वर्षी दिवाळीनंतर चार-पाच मुली यायच्या, मध्येच जागा आहे का विचारत. बहुतेक काकाकडून नाहीतर मामाकडून निघालेल्या. एकीच्याही तोंडी तक्रार नसायची. म्हणायच्या, लांब पडतं. नंतर वर्षानुवर्षं दोन्ही घरांत बोलणं तुटलेलं मी पाहिलंय. मामा हवाच, पण आजारपणात धावून येणारा. रविवारी जेवायला बोलावणारा मामा सगळ्यात उत्तम.

राहिली काळजी. तुम्ही 'वातावरण' असा शब्द वापरलाय, त्यात काय-काय येतं ते मला कळतं. एकवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, मुलगी बिघडण्याची भीती पालकांना जितकी वाटते, तितकी मला कधी वाटली नाही. मला भीती वाटायची ती गप्प होणाऱ्या मुलींची. एक मुलगी आठवते. आमच्या हॉस्टेलला तिला जागा मिळाली नव्हती म्हणून वडिलांनी जवळच्या सोसायटीत फ्लॅटमध्ये ठेवली, आणखी दोघींबरोबर. त्या दोघी नोकरीवाल्या, वेगवेगळ्या शिफ्टच्या. ही नऊ दिवस कॉलेजला गेली नाही. खोलीतून जवळजवळ बाहेरच पडली नाही. फोनवर आईला रोज सांगायची, हो, जेवले. नऊ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या हॉस्टेलमध्ये असं दुसऱ्या दिवशी कळलं असतं, आणि ते माझ्यामुळे नाही, मेसच्या मावशींमुळे. त्यांना वही लागायची नाही. पोळ्या वाढता-वाढता त्या म्हणायच्या, मॅडम, अकरा नंबरची पोरगी काल रात्रीपासून आली नाही ताटाला. मी जिना चढून जायचे.

म्हणून जागा बघायला जाल तेव्हा वायफाय आणि कपाटं शेवटी बघा. आधी हे विचारा: माझी मुलगी दोन वेळा जेवायला आली नाही तर कुणाला कळेल? याचं उत्तर देताना समोरचा माणूस एखाद्या व्यक्तीचं नाव घेतो का बघा. सीसीटीव्ही आहे, असं उत्तर आलं तर उठा. सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळी हॉस्टेलं छान दिसतात. रात्री आठला जा, जेवणाच्या वेळी. वरच्या मजल्यावर नळाला पाणी आहे का, रात्री ताप आला तर कोण नेतं, रेक्टर आवारातच राहतात की सहाला घरी जातात, पहिल्या वर्षाच्या मुलींचा मजला वेगळा आहे का, एवढं कळलं तरी पुष्कळ. रॅगिंगबद्दल यूजीसीचे २००९चे नियम आहेत, प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून आणि मुलीकडून हमीपत्र घेतात. ते नुसतं सही करून देऊ नका, वाचा. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर तिच्या फोनमध्ये टाका. मन बरं नसेल तर १४४१६, टेलिमानस, मराठीत बोलता येतं. हे दोन नंबर देताना चेहरा गंभीर करू नका, गॅस बुकिंगच्या नंबरासारखे द्या.

आणि एक तुलना करून बघा. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो. हॉस्टेलची मुलगी तेव्हा आवारात असते. अपडाऊनची मुलगी पाचवडच्या फाट्यावर उभी असते, भरून आलेली गाडी न थांबता गेली म्हणून पुढच्या गाडीची वाट बघत. नजरेसमोर राहील, असं तुम्ही लिहिलंय. त्या दीड तासात ती कुणाच्याच नजरेसमोर नसते.

तुम्ही सातारकर, म्हणून एक आठवण करून देते. शिकायला घर सोडून राहणं ही पुण्याच्या आयटीबरोबर आलेली फॅशन नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, आणि ज्या दिवशी वार नसेल त्या दिवशी उपास. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवत आणि एकत्र राबत. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून आलेल्या मुलांची राहण्याची सोय व्हावी म्हणूनच. या लोकांना कळलं होतं की वर्गात जे शिकवतात त्याच्या बरोबरीचं काहीतरी पंगतीत शिकवलं जातं. माझ्या हॉस्टेलला दुष्काळी जतची मुलगी आणि ठाण्याची मुलगी एका खोलीत यायच्या. एक बादलीभर पाण्यात अंघोळ, कपडे, भांडी सगळं भागवायची, दुसरी नळ चालू ठेवून दात घासायची. पहिले पंधरा दिवस भांडण, मग दुसरी नळ बंद करायला शिकली. हे घरी शिकवायचं कसं, मला तरी सुचत नाही.

साताऱ्याच्या हॉस्टेलला ठेवलीत तर पहिले तीन आठवडे ती रडेल. तुम्हीही रडाल, फक्त फोन ठेवल्यावर रडा. रोज एकच फोन, ठरलेल्या वेळी, व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा पुरे. 'जेवलीस का' हा आपल्याकडे प्रश्न नसतो, रिवाज असतो. त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. त्याऐवजी विचारा, आज कुणाबरोबर जेवलीस? चार दिवस लागोपाठ 'एकटीच' आलं तर शनिवारची वाट न बघता बस धरा. घर जवळ असण्याचा फायदा इथे आहे, तासाभरात पोचाल. पुण्याहून ती येणार म्हणजे रविवारी परतताना खंबाटकीचा बोगदा आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्याची रांग, सोमवारचा पहिला तास गेलाच. बाकी, प्रवेश लांबतात त्यामुळे पहिली मोठी सुट्टी गणपतीचीच येते. माझा ठोकताळा असा होता, गौरी विसर्जनानंतर जी मुलगी ठरल्या दिवशी परत आली ती टिकली. एखाद-दोन दिवस उशीर झाला तरी हरकत नाही. आठवडाभर आली नाही तर मी घरी फोन करायचे.

सहा महिन्यांनीही तिला करमलं नाही, तर घरी आणा. हार मानल्यासारखं करू नका. काही मुली घरूनच फुलतात. एकीला मी स्वतः सामान बांधून परत पाठवलं होतं, ती पुढे अपडाऊन करून उत्तम पास झाली. पस्तीस किलोमीटरवरचं कॉलेज घेतलं की ही वाट उघडी राहते, हेही साताऱ्याकडे कल असण्याचं एक कारण.

अर्ज भरताना दोन गोष्टी. कॅपमध्ये कॉलेज मिळतं, हॉस्टेल नाही. हॉस्टेलचा अर्ज वेगळा, जागा मोजक्या आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्या भरून जातात. तेव्हा कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधीच साताऱ्याला जाऊन पहिल्या वर्षाच्या किती जागा आहेत, यादी कशी लावतात, ते विचारून या. दुसरं, पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज पहिल्या फेरीतच लागलं तर ते आपोआप फ्रीझ होतं, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. म्हणून नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं अशा कॉलेजला पहिला नंबर देऊ नका. त्या वर्षीची माहिती पुस्तिका नीट वाचा, फेऱ्यांचे नियम बदलत राहतात.

आणि फॉर्म भरायच्या आधी एका मंगळवारी तिला एकटीला पहिल्या एसटीने साताऱ्याला पाठवा, कॉलेजच्या फाटकापर्यंत, आणि संध्याकाळी पाचनंतर परत निघू दे. तुम्ही बरोबर जाऊ नका. रात्री जेवताना तिला विचारा, रोज जमेल का. तेव्हा ती जे म्हणेल ते माझ्या वरच्या सगळ्या उत्तरापेक्षा जास्त धरा.

गादी साताऱ्यातच घ्या, हॉस्टेलच्या कॉटचं माप नेहमीपेक्षा अरुंद असतं, घरची बसत नाही. घरून वाकळ द्या, थंडीत लागते. कुलपं दोन द्या, एक कपाटाला, एक बॅगेला. किल्ल्यांचा एक जोड घरी ठेवा, पहिल्या महिन्यात एक तरी हरवतेच.